जेवणाआधीची टीप

माझे घरमालक, म्हणजे काका, हॉटेलात शिरले की आधी वेटरचं नाव विचारत, मग त्याच्या हातात टीप ठेवत आणि मगच खुर्चीत बसत. हा क्रम मी चार वर्षांत फक्त एकदा बदललेला पाहिला. मेनूकार्ड यायच्या आत, पाण्याचे ग्लास टेबलावर टेकायच्या आत, हे गृहस्थ उभ्या उभ्या खिशातून चष्म्याची डबी काढायचे. डबीत चष्म्याखाली पन्नासच्या नोटा असायच्या, प्रत्येकीला एकच उभी घडी. त्यातली एक काढून ते वेटरच्या तळहातावर ठेवायचे आणि काउंटरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तीन वाक्यं म्हणायचे.

"हे पैसे तुमचे. हे बिलाचे नाहीत. मी विसरलेलो नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोक वळून बघत होते आणि मी मान खाली घालून मोबाइल शोधत होतो. पहिली दोन वाक्यं मी एक वेळ समजू शकलो. पण ज्यानं अजून घास खाल्लेला नाही, बिल पाहिलेलं नाही, तो माणूस विसरणार तरी काय? मी तसं विचारलं. काका म्हणाले, "डाळ साधी सांगू का तडका मारलेली?"

मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासतो. गाडी नेमकी कशी ठोकली हे मालकाच्या तोंडून काढून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. उभ्या गाडीला झाड येऊन धडकलं असं शपथेवर सांगणाऱ्या माणसांकडूनही मी अर्ध्या तासात खरं काय ते काढून घेतलेलं आहे. या एका म्हाताऱ्यापुढे मात्र माझं काही चाललं नाही. आता काका नाहीत, त्यामुळे हे सांगायला हरकत नसावी.

संभाजीनगरला माझी बदली झाली तेव्हा गारखेड्यात त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला. काका एका सरकारी खात्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव सोयगाव तालुक्यातलं. काकू माझ्या येण्याआधीच गेल्या होत्या आणि मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. घर मोठं, माणूस एकटा. आणि हा एकटा माणूस इतका चिक्कू होता की मला सुरुवातीचे दोन महिने त्याचं कौतुकच वाटत राहिलं. कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान फाडून त्याच्या मागच्या बाजूला ते भाजीची यादी करायचे, आणि ती यादी पेन्सिलीनं असायची, म्हणजे पुसून पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरता यावी. पाण्याची मोटार चालू केली की टाकीपाशी उभे राहायचे. एक थेंब बाहेर पडलेला त्यांना खपत नसे. जिन्यातला दिवा मी एकदा विसरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि चहा संपेपर्यंत फक्त त्या दिव्याबद्दल बोलले. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी त्यांचा जो वाद चालायचा तो ऐकायला शेजारचे गच्चीत येऊन उभे राहत.

रविवारी दुपारी मात्र गॅस पेटवायचा नाही असा त्यांचा नियम होता. काकू असताना त्यांना आठवड्यातून एक सुटी मिळावी म्हणून तो केला होता, आणि त्या गेल्यावरही काकांनी तो मोडला नाही. त्यामुळे दर रविवारी माझी गाडी, त्यांचं बिल आणि पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडवरचं एक गार्डन रेस्टॉरंट, असं आमचं ठरून गेलं. तिथंही चिक्कूपणा सुटायचा नाही. पाण्याची बाटली घरून. लिंबाची फोड जादा मागितली तर पैसे लावतात म्हणून एक लिंबू खिशात. उरलेला अर्धा पापडसुद्धा कागदी रुमालात बांधून ते घरी न्यायचे. आणि अशा या माणसाचा हात टीपेला असा मोकळा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बँकेत जाऊन रांगेत उभं राहून पन्नासच्या नोटा मागून आणायचे. तोवर सगळं शहर फोन दाखवून पैसे द्यायला लागलं होतं आणि वेटर लोकांची सुटे आणून द्यायची कलाच बुडाली होती. पूर्वी शंभराची मोड आणताना एक दहाची, बाकी सुटी नाणी अशी हिशेबानं आणायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला काही ठेवणं सोपं जावं. आता काउंटरवरच्या चौकटीवर फोन धरला की टुणकन आवाज होतो आणि वेटर बडीशेपेची ताटली घेऊन नुसता उभा राहतो. मीही फोनवाल्यांपैकीच. खिशात रोकड नसते, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंच वाटायचं.

त्या बडीशेपेच्या ताटलीबद्दल काकांचा एक वेगळाच प्रकार होता. बिल तिच्यात घालून आलं की ते बिल उचलून घ्यायचे आणि ताटली दोन बोटांनी टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवायचे. बडीशेप त्यांना आवडायची. घरी जेवणानंतर मूठभर खायचे. हॉटेलातल्या ताटलीतली मात्र त्यांनी कधी चिमूटभर घेतली नाही. मी एकदा मित्राचं बघून वीसची नोट त्या ताटलीत ठेवली तर त्यांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "द्यायची तर माणसाला दे. ताटलीत ठेवलेलं कुणाचं असतं?"

एकदा मला बढती मिळाली म्हणून ऑफिसातल्या चौघांना घेऊन मी जालना रोडवरच्या एका परमिट रूममध्ये बसलो. काकांनाही घेऊन गेलो. ते घेत नाहीत, पण लिंबू सोडा पितो म्हणाले. तिथल्या वेटरचं नाव विचारून त्यांनी त्याच्या हातात नोट ठेवली आणि तीन वाक्यं म्हटली, हिंदीत. वेटर सावध झाला. बारमध्ये पिण्याआधी पैसे देणारा माणूस काहीतरी मागणार हे त्याला अनुभवानं माहीत असणार. तो वाकून काकांच्या कानाशी लागला. "चचा, क्या होना बोलो. पेग बडा बनाऊँ?" काका म्हणाले, काही नको. तरी तो खुर्चीमागून हलेना. शेवटी त्यानं काकांच्या सोड्यात दोन लिंबं पिळून आणली आणि शेंगदाण्याच्या तीन वाट्या ठेवल्या. काकांना त्याचा त्रास झाला. मी बदल्यात काही मागितलं नव्हतं, असं ते मला घरी येईपर्यंत सांगत राहिले.

माझे तर्क सुरू होते. काका तरुणपणी वेटर असावेत हा पहिला. तो मी थेट विचारला. ते नाही म्हणाले. भाऊ, मेहुणा कुणी होता? नाही. काकूंचा काही नवस? ते हसले. मग ग्रहांची काही शांत? या वेळी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. एकदा मात्र त्यांनी आपणहून एवढं सांगितलं, की जेवण झाल्यावर दिली तर ते मार्क दिल्यासारखं होतं, आणि आपण कोण मास्तर लागून गेलो. मला वाटलं, मिळालं उत्तर. पण मग ते मोठ्यानं बोलणं कशासाठी? आणि विसरण्याचं काय?

मग लिंबाजी आला.

पडेगावच्या त्या हॉटेलात एका रविवारी नवा वेटर होता. पंचेचाळिशीचा, काळा, उंच, पांढरा शर्ट काखेत तंग झालेला. कपाळावरची, एरवी फेट्याखाली राहणारी पट्टी चेहऱ्यापेक्षा उजळ होती. काकांनी नाव विचारलं. लिंबाजी, असं त्यानं सांगितलं, आणि कुणी न विचारता पुढं सांगितलं, की मेंढरं व्हती, आता न्हाईत, म्हनून हितं आलो. काकांनी नोट हातात ठेवून तीन वाक्यं म्हटली. लिंबाजीनं ती लक्ष देऊन ऐकली, नोट एकदा कपाळाला लावली, खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या टोकाला गाठ मारून ती ठेवून दिली. असं कुणी करताना आम्ही पाहिलं नव्हतं. काका खूश दिसले.

जेवण झालं, बिल आलं, आणि त्यात पन्नास रुपये कमी होते. खाली पेननं लिहिलं होतं, ॲडव्हान्स जमा. काकांनी बिल दोनदा वाचलं आणि उठून काउंटरवर गेले. मी मागोमाग. तिथं मॅनेजर हसत होता. लिंबाजीनं रुमालाची गाठ सोडून नोट त्याच्यापुढं ठेवली होती आणि सांगितलं होतं, की पाव्हण्यांचा इसार हाय, बिलातून वजा करा. मेंढरांच्या सौद्यात माल न्यायच्या आधी गिऱ्हाईक हातावर पैसे ठेवतं त्याला इसार म्हणतात. ते पैसे आपले नसतात, सौदा पुरा होईतो सांभाळायचे असतात. माणूस जेवायच्या आधी हातावर पैसे ठेवतो आणि हे बिलाचे नाहीत म्हणतो, म्हणजे बिल अजून व्हायचं आहे, आणि मी विसरलेलो नाही म्हणतो, म्हणजे तू पण विसरू नको. लिंबाजीचा हिशेब पक्का होता. जन्मभर त्याचा व्यवहार असाच झाला होता.

मॅनेजरनं बाकीच्या दोघा वेटरांना जवळ बोलावलं. "देखो," तो म्हणाला, "आज पहिला दिवस आहे याचा. पन्नास रुपये गुपचूप खिशात टाकू शकत होता. याला म्हणतात इमानदारी. शिका काहीतरी." आणि त्यानं लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी मॅनेजरचा हात लिंबाजीच्या खांद्यावरून स्वतःच्या हातानं काढला.

"त्याला शाबासकी देऊ नका. त्याचे पैसे द्या."

मॅनेजर गोंधळला. "काका, मी तर तारीफच करतोय. किती प्रामाणिक माणूस आहे."

"प्रामाणिक मीपण होतो," काका म्हणाले. हे ते हळू म्हणाले, पण मी शेजारीच उभा होतो. मग त्यांनी पूर्ण बिल भरलं, नोट परत घेतली, लिंबाजीच्या हातात ठेवली आणि पुन्हा तीन वाक्यं म्हटली. चौथं वाक्य त्या दिवसापुरतं जास्तीचं होतं. "हा इसार नाही. सौदा काही नाही." लिंबाजीनं नोट घेतली, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते पटलेलं नव्हतं. परतताना गाडीत मी दोन वेळा विचारून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्याच्या आवाजात माझा प्रश्न घालवला.

पुढं लिंबाजीची आणि त्यांची चांगली गट्टी जमली. रविवारी तो आमच्याच टेबलाला असायचा. कधी लोकर कातरायचं सांगायचा, कधी मेंढी आजारी पडली की काय खाऊ घालतात ते. नोट घेताना आता तो हसायचा आणि म्हणायचा, "व्हय व्हय, इसार न्हाई." काका मात्र दर वेळी वाक्यं पुरी करायचे.

वर्षभरानं काकांच्या खात्यातल्या निवृत्त मंडळींनी आपल्या जुन्या मोठ्या साहेबांचा सत्कार ठरवला. साहेबांना पंचाऐंशी पूर्ण होत होती. जागा काकांनी सुचवली, तेच पडेगावचं हॉटेल, त्याच्या हिरवळीवर मंडप टाकून. रविवारची दुपार होती. मी गाडी घेऊन होतो म्हणून मलाही जेवायला बसवलं. काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सकाळपासून त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. जिन्यातला दिवा त्यांच्याकडूनच चालू राहिला होता, हे मी गाडीत बसल्यावर सांगितलं तर नुसतं "असू दे" म्हणाले. मला तेव्हाच काळजी वाटली.

शाल, श्रीफळ, फेटा झाला. साहेबांच्या कानातलं यंत्र माइकजवळ शिट्टी वाजवायला लागलं म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलं आणि बसल्या जागेवरून बोलायला लागले. आवाज अजून खणखणीत होता. बोलता बोलता त्यांनी काकांकडे बोट दाखवलं.

"हा माझ्याकडं रोजंदारीवर आला तेव्हा बावीस वर्षांचा होता," असं त्यांनी सांगितलं. "स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मी स्टाफला घेऊन जेवायला गेलो होतो. जेवण करून मी जीपकडे निघालो तर हा मागून पळत आला. हातात पाचची नोट. साहेब, तुमचे पैसे ताटलीत राहिले म्हणाला. त्या काळात पाच रुपये म्हणजे याची दीड दिवसाची मजुरी होती, आणि दुसरा कुणी असता तर नोट गेलीच होती. मी याला हाताला धरून काउंटरवर परत नेलं, मालकाला दाखवलं, की बघा, प्रामाणिकपणा याला म्हणतात. आणि पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत याचं नाव पहिलं लिहिलं. माणसं अशी ओळखावी लागतात."

मंडपात टाळ्या झाल्या. मी काकांकडे बघितलं. ते टेबलावरच्या बडीशेपेच्या ताटलीकडे बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला, आणि माइक त्यांच्या हातात दिला. काका उठले. आयुष्यात माइक धरला नसावा, कारण त्यांनी तो छातीशी धरला होता. पण वेटरला ऐकवायची सवय असलेला तो आवाज माइकशिवायही पोचत होता.

"साहेबांनी सांगितलं ते सगळं खरं आहे," ते म्हणाले. "पुढचं थोडं राहिलं. मी गावाकडून आलेलो. हॉटेलात वेटरसाठी ताटलीत पैसे ठेवतात हे मला माहीतच नव्हतं. आम्ही काउंटरवर उभे होतो तेव्हा तो वेटर तिथं आला. म्हणाला, साहेब, ती नोट तुम्ही मला ठेवली होती. साहेब म्हणाले, नाही, मी विसरलो होतो. मालक त्याला तिथंच बोल बोल बोलला, गिऱ्हाइकाच्या पैशावर डोळा ठेवतो म्हणून, आणि त्याच दुपारी त्याला काढून टाकलं. तोवर मला सगळं समजलं होतं. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी काही बोललो नाही. मला नोकरी पाहिजे होती."

त्यांनी माइक टेबलावर ठेवला.

"पहिला कायमचा पगार झाला तेव्हा पाच रुपये घेऊन गेलो. तो कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं. एवढंच."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. यंत्र त्यांच्या खिशात होतं. काका हात जोडून उभे आहेत एवढं त्यांना दिसलं, आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेब वाजवताहेत म्हटल्यावर बाकीच्यांनीही वाजवल्या, आधी दोघातिघांनी, मग सगळ्यांनी. टाळ्या संपल्यावर साहेब शेजारच्याला म्हणाले, ते माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं, "अजून तसाच आहे. सरळ माणूस."

काका येऊन माझ्या शेजारी बसले. पन्नास वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून झालं होतं, आणि ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. चार वर्षं ज्या उत्तराच्या मागे मी लागलो होतो ते मिळालं होतं आणि मला ते नको झालं होतं. साहेबांकडे जाऊन कानात ओरडून सांगू का, असंही एकदा मनात आलं. पंक्तीत जिलेबी फिरायला लागली.

लिंबाजी पाण्याचा जग घेऊन आला. मंडपाच्या कडेला वाढप्यांच्या ओळीत तो उभा होता, म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं काकांचा ग्लास भरला, पण पुढं सरकला नाही.

"काका," तो म्हणाला, "त्या मानसाचं नाव काय व्हतं?"

काकांनी चष्मा काढला आणि हातात धरला.

"माहीत नाही. सगळे त्याला ए म्हणायचे." मग ते म्हणाले, "मीपण. पाणी मागताना."

लिंबाजीनं मान हलवली. काकांच्या पानात त्यानं आणखी एक जिलेबी वाढली, जेवा म्हणाला, गरम हाय तवर, आणि पुढच्या टेबलाकडं गेला.

जेवणं आटोपल्यावर साहेबांना गाडीत बसवून मंडळी पांगली. काका मात्र मंडपाच्या दाराशी थांबले. त्या दिवशी वाढायला अकरा जण होते, जादाची माणसं बाहेरून आणलेली. काकांनी चष्म्याची डबी काढली आणि एकेकापाशी जाऊन सुरुवात केली. आधी नाव, मग हातात नोट, मग तीन वाक्यं, काउंटरवरच्या मॅनेजरला ऐकू जातील अशी. सातव्यानंतर डबी रिकामी झाली. त्यांनी ती माझ्यासमोर उघडी धरली.

माझ्या खिशात कधी नसतात त्या नोटा त्या दिवशी होत्या, कारण साहेबांच्या आहेरासाठी नोटा घालून आणलेला लिफाफा कुणी घेतलाच नव्हता. मी पुढं झालो. आठव्याचं नाव विचारलं, नोट हातात दिली आणि घसा खाकरला. चार वर्षं ज्या वाक्यांनी माझी मान खाली जायची ती तीन वाक्यं मी म्हटली. पहिल्यांदा आवाज नीट फुटला नाही, म्हणून मॅनेजरनं वर बघेपर्यंत मी ती पुन्हा म्हटली. काका माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते.

अकरावा हौदापाशी ताटं घासत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "तुमचं नाव काय?" तो उठून उभा राहिला, ओले हात पँटला पुसले, आणि मी आणखी कुणाला तरी विचारतोय असं वाटून आधी मागं वळून बघितलं.